आपल्याहून बऱ्यांची भाषा

नूजीन बाळ,

मंगळवारी सकाळी नमाज झाल्यावर मी मेंढ्या शेजाऱ्याकडे सोपवल्या आणि सीर्त शहरात जाऊन तुझा सिनेमा पाहिला. खजाल मावशी हट्टाने बरोबर आली.

ज्यांचं नाव आपण घेत नाही, ज्यांना 'आपल्याहून बरे' म्हणतो, त्यांनी झपाटलेली मुलगी तू पडद्यावर झालीस, म्हणून दोन वर्षं मी तुला घरी येऊ दिलं नाही. दिवे गेल्यावर मी पुटपुटत दुआ म्हणत राहिलो.

मग तू डोळे पांढरे करून भिंतीवर चढलीस आणि घोगऱ्या आवाजात बोलू लागलीस. खाली तुर्कीत अक्षरं आली: 'जिनांची अनोळखी भाषा'. तू तर आपल्या कुर्दीत ओरडत होतीस, "आई, तंदुरातली रोटी जळतेय. बाबा, शेळी आत आली."

थिएटरात सगळे आपल्याच बोलीचे, सगळेच हसत सुटले. मागून कोणी म्हणालं, "हा जिन तर आपल्याच गावचा दिसतोय." मावशी म्हणाली, "अगं, मग भिंतीवरून उतर आणि रोटी काढ आधी."

सिनेमा काढणाऱ्या इस्तंबूलवाल्यांना आपली बोली त्या 'बऱ्यांची' वाटली, त्याचा राग मला नंतर आला. तेव्हा मी हसलो आणि हसता हसता रडलो. मावशीने कोपर मारलं. "सबरी, लेक हाका मारतेय तुला. कानात बोळे घातलेस काय?"

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, टाकलं तर ते माझ्या मागून पोचेल. तुझ्या इस्तंबूलची बस आत्ताच सुटली आहे आणि मी खिडकीशी बसलो आहे. तुझ्या आईने रोट्या बांधून दिल्यात, एकही जळलेली नाही.

तुला घरी न्यायला निघालेला,
बाबा