कोथिंबीर निवडणारी आई

दुबई सिलिकॉन ओएसिस
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, ईशानीला आशीर्वाद. मी बरी आहे. अळूवड्या पोचल्या आणि संपल्याही. रिकामा डबा परत देऊ नये असं आई म्हणायची, म्हणून त्यात हे पत्र घालून पाठवतेय. ऊद मेथाला तुझ्या घरी येऊन समोरासमोर बोलता आलं असतं. पण तू बोलायला लागलीस की मी ‘बरं’ म्हणून गप्प बसते, हे आपल्या दोघींनाही माहितेय.

शाळेचं प्रदर्शन छान झालं. ईशानी साडीत काय गोड दिसत होती! भाऊजींनी तर ओळख ना पाळख, सगळ्यांना कराक चहा पाजला.

आता त्या चित्रांचं.

पाश्चात्त्य कलेचा इतिहास ईशानीच्या डोक्यात काही केल्या शिरेना. ‘मावशी, टू मेनी इझम्स!’ म्हणून वैतागायची. शेवटी मी एकच बाई सात वेळा रंगवली. गॅलरीत कोथिंबीर निवडत बसलेली आपली आई. रेनेसाँवाल्यांनी तिला देवीसारखी शांत, स्थिर बसवली असती. बरोकवाल्यांनी सगळे दिवे घालवून एकच उजेड तिच्या तोंडावर मारला असता. इम्प्रेशनिस्टांना आईपेक्षा तिच्या पातळावरचं ऊन महत्त्वाचं. एक्स्प्रेशनिस्टांनी तिची चिडचिड आभाळभर फासली असती. क्यूबिस्टांनी तिला समोरून, बाजूनं, वरून एकदमच पाहिलं असतं. सर्रिअलिस्टांनी तिला जुडीसकट हवेत तरंगवली असती, आणि सातव्यात, ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, नुसता हिरवा रंग उरला. पोरगी हसत हसत शिकली.

‘परीक्षेपुरती बघायला दे’ म्हणून तू ती नेलीस. शनिवारी हॉलमध्ये शिरले, तर सातही चित्रं भिंतीवर आणि खाली ईशानीचं नाव. वाटलं, पाटी चुकली असेल. जवळ जाऊन पाहिलं. फ्रेमच्या आतला पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट इतका रुंद, की कोपऱ्यातली माझी सही त्याच्याखाली गेलेली. एका चित्रात नाही, सातही चित्रांत. फ्रेमवाल्याकडे तूच गेली होतीस ना गं?

तू काय म्हणालीस, आठवतंय? “अगं, तुझ्या पलंगाखालीच पडली होती. तिला लंडनच्या कॉलेजला पोर्टफोलिओ पाठवायचाय. घरचंच तर माणूस आहे. खलास, विषय संपव.” आणि ईशानी म्हणाली, “मावशी, रिलॅक्स. ॲप्रोप्रिएशन इज अ मूव्हमेंट. यू ओन्ली टॉट मी.”

दुसऱ्याचं उचलणं हीही कलेतली चळवळच म्हणे! मी हसले. लोक बघत होते म्हणून चक्क हसले! घरी येऊन मात्र चपला न काढता दारातच बसून रडले.

पण तेही मी गिळलं असतं, ताई. खरंच. भाची माझीच आहे.

मग तो परीक्षक आला. रेनेसाँच्या चित्रापुढे थांबून त्यानं विचारलं, बाकी सगळं इतकं रेखीव आहे, मग बाईंचा डावा डोळाच खाली ओघळलेला का? ईशानी एक क्षण अडखळली आणि म्हणाली, “इट्स फोरशॅडोइंग क्यूबिझम, सर.” टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. मी तुझ्याकडे बघत होते. वाटलं, निदान तू तरी थांबशील.

पण तुला माहीतच नव्हतं! त्या लकव्यात आईची डावी बाजू गेली, डोळा उतरला तो उतरलाच. तू व्हिडिओ कॉल केलास की ती मला सांगायची, “फोन उजवीकडून धर, अनूला दिसायला नको, ती काळजी करत बसेल.” मी धरायची. तुला कधी रजा नव्हती, मग ईशानीची परीक्षा आली, मग तिकिटं महाग झाली. तू दुबईहून आलीस तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. हे मी तुला कधीच बोलून दाखवलं नव्हतं. दाखवणारही नव्हते.

आज दुपारी ऑफिसात शाळेच्या आर्टच्या बाईंचा फोन आला; ईशानीला मी शिकवते हे त्यांना ठाऊक आहे. परीक्षकांना शंका आहे म्हणाल्या. पोर्टफोलिओ लंडनला जायच्या आत त्यांना एकच विचारायचं होतं: चित्रं सगळी ईशानीनंच काढलीत ना?

मी म्हटलं, नाही, माझी आहेत.

पुढे हेही सांगितलं, की पोरीच्या हातात कला आहे. सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली तू तिनं पेन्सिलनं काढलीयेस, ते चित्र बघा. बघू म्हणाल्या. पण या वर्षी तिचं लंडन जमणं अवघड आहे, हे मलाही कळतं.

तू म्हणशील, उत्तर देण्याआधी मला एकदा विचारायचंस. खरंय. विचारायलाच हवं होतं. सही झाकण्याआधी तूही विचारायला हवं होतंस.

सहा चित्रं परत पाठव. क्यूबिझमचं तुझ्याकडे राहू दे. त्यात आईच्या सगळ्या बाजू आहेत, तू न पाहिलेलीसुद्धा.

सही मुद्दाम पानाच्या मधोमध करतेय.

केतकी