कॉलरीचा साचा

५ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या नव्या स्कॅनचे फोटो काल मिळाले. काही लपवलं तर तू ओळखतोसच, म्हणून सरळ लिहिते. स्वादुपिंडाचा तुकडा जिथून काढला, तिथल्या रक्तवाहिनीभोवती पुसटशी सावली दिसते आहे. ऑपरेशनचा व्रण असेल, किंवा कॅन्सर परत आला असेल. एका फोटोवरून सांगता येत नाही. सावली वाढली आहे का, ते बघावं लागतं. गेल्या वर्षी ऑपरेशननंतर जी पहिली फिल्म काढली होती, ती लगेच पाठव. तिकडच्या दवाखान्यात जुने फोटो ठेवत नाहीत.

वहिनीला सांभाळ. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

११ जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. डॉक्टरीणबाई, रागावू नका. ती फिल्म मी कापली. शर्ट शिवताना कॉलरीच्या साच्याला तिच्यासारखं काही नाही. दुमडत नाही, फाटत नाही. आजार गेला, आता फिल्म कशाला, असं वाटलं. तुझ्या वहिनीने मला चांगलंच फैलावर घेतलं आणि दुकान पालथं घालून सगळे तुकडे गोळा केले. चिकटपट्टीने जोडून पाठवतो आहे.

आजार परतला असेल तर आधी मला कळव. दुकान हिच्या हाती नीट सोपवायचं आहे आणि ही अजून कापड बेतायला घाबरते. मीही घाबरलो आहे, पण हे फक्त तुला.

माया अशीच राहू दे.

दादा

१७ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. तो व्रणच आहे. जोडलेल्या फिल्मवर तुझ्या दोन कॉलरींच्या मधोमध तीच सावली सापडली, तेव्हाही एवढीच होती. वर्षभरात जराही वाढलेली नाही. रक्ताची तपासणीही ठीक आली आहे. तरी तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, आणि या वेळी इथे येऊन. टाळाटाळ चालणार नाही.

पण मी माझ्या डोळ्यांवर विसंबले नाही. तुझे फोटो लावले की मला व्रणाच्या जागी कॅन्सरच दिसायचा. शेवटी शेजारच्या खोलीतल्या मोठ्या डॉक्टरांकडून सगळे वाचून घेतले. तेही व्रणच म्हणाले आणि मी त्यांच्यासमोरच रडले.

पुढच्या खेपेला तुझे फोटो तेच वाचतील. मी बाहेर बाकावर तुझ्याशेजारी बसेन.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र पाठवत राहा.

धाकटी