खिसा लावायचा राहिला

छकुलीच्या आईस,

तुम्ही दोघी धडधाकट आहात असं धरूनच लिहितो.

सुटलो तेव्हाच पत्र टाकणार होतो, पण म्हटलं, आधी कुठेतरी टेकू दे. आता एका शिंप्याच्या दुकानात लागलोय. दुकानावरची खोलीही मिळालीय. जेवण वेळेवर होतं, काळजी नको. फक्त दिवा मालवला की झोप येत नाही. तुरुंगात तो रात्रभर जळायचा.

परवा गंमतच झाली. एका गिऱ्हाइकाचा शर्ट शिवला आणि खिसा लावायचाच विसरलो. मास्तर खेकसले, "चष्मा काय दातांत धरून फिरायचं त्यांनी?" इतकी वर्षं आत कैद्यांचे बिनखिशाचे सदरे शिवले, हाताला तेच वळण पडलंय. तसं सांगितलं, तर मास्तरांनी खिशाचं कापड माझ्यापुढे सरकवलं.

तुझी कंबर अजून दुखते का? छकुली माझं नाव काढते का गं?

उरल्यासुरल्या कापडातून तिला झगा शिवलाय, दोन मोठे खिसे लावून. शेवटचं बटण लावताना लक्षात आलं, की ज्या दिवशी पोलीस न्यायला आले आणि मी तिला कडेवरून खाली ठेवलं, माप त्याच दिवसाचं धरलंय. आता तो तिच्या बाहुलीलाच होईल.

दोऱ्याला गाठ मारून तिची उंची पाठव. राग गेला नसेल तर नुसता दोरा पाठव, चिठ्ठी नको.

की माप घ्यायला मीच येऊ?

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
छकुलीचा बाबा