परसातल्या टाकीचे वारस

मी, खाली सही करणारी, सफाई कामगार संघटनेची माजी सरचिटणीस, जिला ही गल्ली तोंडावर 'अक्का' आणि पाठीमागे 'तोफ' म्हणते, आज शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो अपुरा वाटल्यास माझ्या वकिलांना विचारावे. आज सकाळभर ते माझ्याशी वाद घालत होते आणि शेवटी त्यांनी पाणी मागितले. दडपणाचे म्हणाल, तर ठेकेदारांनी, मंत्र्यांनी आणि माझ्या सासूबाईंनी आपापल्या परीने प्रयत्न करून पाहिले आहेत. त्यांतले कोणी यशस्वी झाले असते तर मी गप्प बसून म्हातारी झाले असते. मी फक्त म्हातारी झाले.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर आणि परस दोन्ही मुलाच्या नावे होते. आता तसे का नाही, ते पुढे येईल. लिहिणे लांबेल. माझी भाषणे ज्यांनी उन्हात उभे राहून ऐकली आहेत, त्यांना याची सवय आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि माळा, माझ्या एकुलत्या मुलाला द्यावे. मुलगा कष्टाळू आहे, नीटनेटका आहे. त्याच्या नीटनेटकेपणावर याच मृत्युपत्रात पुढे एक कलम खर्ची पडले आहे, पण म्हणून घर त्याला कमी मिळू नये. पुढच्या दाराची बिजागरी करकरते. तिला तेल घालू नये. त्या आवाजामुळे मला आयुष्यभर कोण कधी आले ते उठून पाहावे लागले नाही.

कलम २. माझी सगळी पुस्तके संघटनेच्या वाचनालयाला द्यावीत. समासातले माझे शेरे खोडू नयेत. म्हातारपणी मी जीवशास्त्र वाचायला घेतले. त्या पुस्तकांत एका पानावर मी 'थापा' असे लिहिले आहे आणि दोन पाने पुढे 'नाही, खरे आहे'. दोन्ही शेरे राहू द्यावेत. माणूस वाचताना कसा वळतो, ते पुढच्याला कळेल.

कलम ३. माझा भाषणाचा कर्णा संघटनेला द्यावा. त्याचे बटण अडकते, जरा दामटावे लागते. माझेही तसेच होते.

कलम ४. परस, आणि परसातली टाकी.

या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

माझे यजमान नळ दुरुस्त करायचे. आमच्या घरामागून उघडे गटार वाहायचे आणि त्याला खेटून पिण्याच्या पाण्याचा नळ गेलेला होता. तो नळ कुठे कुजला आहे हे यजमानांनी नगरपालिकेला सांगून सांगून तोंड दुखवले. मग त्यांना ताप आला. दवाखान्यात एक औषध दिले, ते लागू पडेना म्हणून दुसरे दिले. रक्त तपासणीला लांबच्या प्रयोगशाळेत गेले. तापाचे नाव सांगणारा कागद घरी आला, तेव्हा आम्ही त्यांना पोचवून त्यांची गादी उन्हात टाकली होती. औषध साधे होते. ते रुग्णालयाच्या कपाटातच होते. फक्त कोणते द्यायचे हे कोणाला वेळेत कळले नाही.

त्यानंतर मी गटारांवर भाषणे करत हिंडले. मोर्चे काढले, नगराध्यक्षांच्या दारात गाळाचे टोपले नेऊन ठेवले. टाळ्या भरपूर मिळाल्या. गटार होते तिथेच होते.

मग या घरात सून आली. ती सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत संशोधक. लग्नाला वर्षही झाले नव्हते, एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली,

"आई, परसातली ती जुनी टाकी मला द्याल का?"

"कशाला?"

"जिवाणू वाढवायचेत."

"गटारात कमी पडले का?"

"कमी नाहीत हो, बेशिस्त आहेत. त्यातले कामसू निवडून एकत्र नांदवायचेत."

कामसू म्हटल्याबरोबर माझ्यातली सरचिटणीस जागी झाली. मी विचारले, "त्यांना खायला काय?"

"आपण जे टाकतो ते."

"आणि सुट्टी?"

"हवा पुरवली नाही की तेच संप करतात. लगेच वास मारायला लागतं."

मला ते जिवाणू तेव्हाच आवडले.

तिने काय केले ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण ती स्वतः कधी मोठ्याने सांगणार नाही. निरनिराळ्या गटारांच्या तळातून तिने जिवाणू आणले. कोणी चरबी फोडणारे, कोणी साबण खाणारे, कोणी त्या दोघांचे उष्टे संपवणारे. दोडक्याच्या वाळक्या जाळीवर तिने त्यांचा संसार बसवला. एकट्याने त्यांतला कोणीच जगत नाही. एकाचा कचरा हे दुसऱ्याचे जेवण असते. समाजव्यवस्थेवरची जाडजूड पुस्तके मी वाचली आहेत, पण त्यांतली जी व्यवस्था कुठेच नांदताना दिसली नाही, ती मला परसात, दोडक्याच्या जाळीवर दिसली. एका बाजूने गल्लीचे काळे पाणी आत जाते, दुसऱ्या बाजूने निवळ बाहेर येते. ते प्यायचे नाही, हे सूनबाईने पाटीवर लिहिले आहे. पण झाडांना चालते, आणि नळाशेजारून आता गटार वाहत नाही. जे माझ्या सगळ्या घोषणांना जमले नाही, ते डोळ्यांना न दिसणाऱ्यांनी घोषणा न देता केले. मला याचे वैषम्य नाही. अभिमान आहे.

तिची दुसरी करामत म्हणजे कागदाची पट्टी. बोटभर कागद, त्यावर सुकवलेली प्रथिने. तापाचा जिवाणू पाण्यात असेल तर ती प्रथिने त्याला ओळखतात आणि पट्टीवर जांभळी रेघ उमटते. दर आठवड्याला ती टाकीत येणाऱ्या पाण्यात पट्टी बुडवते. एकदा रेघ उमटली. गल्लीत तेव्हा कोणाला कणकणही नव्हती. मी कर्णा घेऊन पाणी उकळा म्हणून ओरडत फिरले. लोक म्हणाले, "अक्काचा घसा खाजत असेल." पण उकळले. मग शेजारच्या वस्तीत ताप निघाला, मोठ्या प्रयोगशाळेने तोच जिवाणू सांगितला. आमच्या गल्लीत त्या वेळी कोणाची गादी उन्हात पडली नाही. त्या रात्री मी यजमानांच्या फोटोसमोर पट्टी धरली.

माझे मूत्रपिंड दमले आहे हेही अशाच एका पट्टीने, थेंबभर लघवीतून, लवकर सांगितले. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या करून मान डोलावली. त्यामुळे मला आवरायला वेळ मिळाला. हे मृत्युपत्र त्या वेळातले आहे.

कलम ५. नीटनेटकेपणाबाबत.

टाकीची कीर्ती पसरली आणि एका मोठ्या कंपनीची माणसे पाहायला येणार असे ठरले. सूनबाई परगावी परिषदेला गेलेली. आदल्या दिवशी माझ्या मुलाला वाटले, पाहुणे येणार आणि टाकीला हा असा रंग, हा असा वास. त्याने बाही सरसावून टाकी घासली. जाळ्या काढून धुतल्या. वर बाटलीभर जंतुनाशक ओतले, पुन्हा वास राहू नये म्हणून आणखी एक. मी दवाखान्यातून परत आले तर परस लग्नघरासारखे चकाकत होते.

"बघ आई," तो म्हणाला, "एक जंतू शिल्लक ठेवला नाही."

मी ओट्यावर बसले. "अरे," म्हटले, "तेच तर दाखवायचे होते."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही, आणि त्यानेही माझ्या पश्चात तो मनात घोकत बसू नये. साफ करणे म्हणजे मारणे, हे आपण सगळेच शिकलो. प्रयोगशाळेत ठेवलेला नमुना सूनबाईने परत येऊन पाहिला, तर शीतकपाट बंद पडून तोही गेलेला. ती नुसत्या कोरड्या जाळ्या हातात घेऊन उभी राहिली.

इथे मला माझ्या शेजारणीचा उल्लेख करणे भाग आहे. ती लॉन्ड्री चालवते. भिंतीवरून, दोरीवरून, कुत्र्यावरून आमचे भांडण जगजाहीर आहे. तिच्यावर माझा जुना आरोप होता की ती आमच्या टाकीतला गाळ चोरते. ती म्हणायची, "तुमच्या घाणीला कोण हात लावतंय?" त्या संध्याकाळी ती बादली घेऊन दारात आली. करकर झाल्यावर मला कळलेच.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या दुकानाच्या मोरीत सोडलेत मी. साबणाचं पाणी मजेत खातात."

"म्हणजे चोरलेसच."

"विरजण मागून आणलं काय न् न विचारता आणलं काय, लागतं सारखंच."

तिच्या बादलीतून टाकी पुन्हा उभी राहिली. चोरीबद्दल मी तिला माफ केलेले नाही. ती उपयोगी पडली, इतकेच नोंदवते.

कलम ६. कंपनीबाबत.

भेट आम्ही पुढे ढकलली होती. टाकी पुन्हा रंगावर आल्यावर कंपनीची माणसे आली आणि खूश होऊन गेली. त्यांचे कागद मुलाच्या टेबलावर आहेत. अट अशी की जिवाणूंचे मूळ विरजण त्यांच्याकडेच राहील, दुसऱ्या कोणी वापरायचे नाही, आणि परसातली टाकी बंद करायची. मुलगा म्हणतो, "आई, ते गावोगाव टाक्या बांधतील. आपण परसात किती जणांना पुरणार?" हा मुद्दा पोकळ नाही. त्यांनी जरूर बांधाव्यात. विरजण घेऊन जावे, मोठे करावे, त्यावर कमवावे. पण एकट्याचेच म्हणून कुलूप लावू नये. औषध कपाटात असून माणूस जातो, हे मी पाहिले आहे. आणि एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट एका नीटनेटक्या माणसाच्या हातून दुपारभरात संपते, हेही पाहिले आहे. कंपनीतही नीटनेटकी माणसे असणारच.

सूनबाईला विचारले तर ती म्हणते, "आई, कोणाच्याही नावावर असू दे. जिवंत राहू दे." ही माझ्या ऐकण्यातली सर्वांत चांगली घोषणा आहे, आणि ती पुटपुटत केलेली आहे.

म्हणून परस आणि टाकी मी सूनबाईला देते. माझी उरलेली शिल्लक पट्ट्यांच्या कामासाठी तिलाच. पण माझ्या माघारी घरात रोज जेवताना हा विषय निघेल, आणि जेवताना माणूस थकून हो म्हणतो, हे मला ठाऊक आहे. तिच्या एकटीच्या खांद्यावर मी हे ठेवू इच्छित नाही. म्हणून टाकीतले विरजण मी कोणा एकालाच देत नाही. मागेल त्याला देते. यावर वकील म्हणाले,

"अक्का, मालमत्ता मोजता आली पाहिजे. सकाळी बादलीभर, संध्याकाळी दोन बादल्या. हे मी लिहू कसं?"

"मोजू नका," मी म्हटले. "मोजता येत नाही म्हणूनच ते कुलपात मावत नाही."

त्यांनी तेव्हाच पाणी मागितले.

कलम ७. मला पोचवायला येणाऱ्यांसाठी.

भाषणे करू नयेत. माझ्यावर चांगले बोलेल असा माणूस मला माहीत नाही आणि वाईट बोललेले मला खोडता येणार नाही. फुले आणू नयेत. येणाऱ्या प्रत्येकाने एक रिकामी बादली आणावी. परत जाताना सूनबाईने ती टाकीतून भरून द्यावी, आणि ज्याने त्याने ती आपल्या गल्लीच्या गाळटाकीत नेऊन ओतावी. हवा द्यावी. जंतुनाशक ओतू नये. बादल्या भरून देण्याचे काम मुलाने करावे. त्याला हात धुण्याची घाई असते, पण त्या दिवशी नसावी. शेवटची बादली बाहेर पडली की कंपनीचे कागद त्याने खुशाल वाचावेत. तोवर त्यांत विकत घेण्यासारखे एकट्याचे काही उरलेले नसेल.

शेजारणीला मी काहीही देत नाही. तिने आधीच घेतलेले आहे. वकील सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होणे बरे नव्हे. त्या हिशेबाने या गल्लीत तिच्याइतकी निर्दोष साक्षीदार दुसरी मिळणार नाही.

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी आवाज चढला होता तो तसाच ठेवला, आणि साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर. अक्का शुद्धीवर आहेत. नेहमीपेक्षा किंचित जास्त.

साक्षीदार दुसरी: शेजारीण, लॉन्ड्रीवाली. माझ्यासमोर सही झाली. चोरीचा मजकूर वाचला, मान्य नाही. बादली मी रिकामी करून, विसळून दाराशी ठेवली आहे. लवकर लागू नये.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली, खिडकीतून टाकी दिसते.
दिनांक: ७ मार्च, शनिवार