टिटवीचे शनिवार-रविवार

१२ मार्च, शनिवार

टिटवी आली! दारातूनच बोलत आली — वर्गात कुणाचा तरी डबा कुणी तरी पळवला, बाईंनी सगळ्यांना उभं केलं, आणि "बाबो, तुझा शर्ट उलटा आहे!" — सगळं एका दमात. आठ वर्षांची पोर, तोंडाला विश्रांती म्हणून नाही. टिटवी हे नाव मी उगाच नाही ठेवलं.

मला ती बाबो म्हणते. तिच्या आईशी माझं लग्न झालं तेव्हा ती दोन वर्षांची होती. जन्मदात्याने त्याआधीच पाठ फिरवलेली. मला काय म्हणावं यावर आम्ही मोठी माणसं खल करत बसलो, हिने परस्पर ठरवून टाकलं. रस्त्यात लोक दचकतात — ही हाक मारते की घाबरून ओरडते!

१३ मार्च, रविवार

संध्याकाळी तिची आई न्यायला आली. म्हणाली, "माझी बदली झालीय. पुलाचं काम आहे, दोन वर्षं. जूनमध्ये हिला घेऊन जाते." गाडीने पाच तासांवर. मी म्हणालो, "बरं."

बरं! दुसरं काही सुचूच नये?

१५ मार्च, मंगळवार

कामावरून अर्धी रजा काढून वकीलबाईंकडे गेलो. दोन वर्षांपूर्वी आमचा घटस्फोट त्यांनीच केला होता. कागद पुन्हा वाचले त्यांनी. टिटवीचा कुठे उल्लेखच नाही.

"रीतसर दत्तक घेतलं होतंत?"

नाही.

"मग कायद्याने तुम्ही तिचे कुणीच नाही. शनिवार-रविवार ती येते तेही आईच्या मर्जीने." मग जरा थांबून, "भांडायचं तर भांडू. पण न्यायाधीश मुलीलाच विचारतील — कोण हवंय?"

उठलो. चष्मा टेबलावर विसरलो. अर्ध्या जिन्यातून परत गेलो तर त्यांनी चष्म्याबरोबर पाण्याचा ग्लासही पुढे केला.

१६ मार्च

भांडायचं नाही. ठरलं.

२६ मार्च, शनिवार

पुढचा दात पडला! वरचा, डावा. सफरचंद खाता खाता. मी दिवसभर कवळ्याच घडवतो, आजवर किती दात हाताखालून गेले त्याची गणती नाही — पण हा एवढासा दात मात्र रुमालात बांधून खिशात ठेवला.

तिच्या आईला फोन लावला. "हिचे दात पडतात तेही तुझ्याकडेच! माझ्याकडे काय, नुसते दुखतात!" दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी टिटवी चित्र रंगवताना म्हणाली, "पुलाच्या गावाला तू येशील?"

"येईन की."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"आणि मला मंगळवारी आठवण आली तर?"

मी तिच्या रंगीत पेन्सिलीला टोक काढून दिलं. ती गप्पच झाली. टिटवी आणि गप्प! त्यापेक्षा कान किटलेले परवडले.

३० मार्च

तिच्या आईला पत्र लिहायला बसलो. ती चिडली की आधी पाणी दे, पाढे पायऱ्या चढताना म्हणून घे, कुत्रं दिसलं की तिचा उजवा हात धर... दोन पानं झाली. मग लक्षात आलं — अरे, ती आई आहे तिची! तिला शिकवतोयस? फाडलं. शेवटी एवढंच पाठवलं: "मी आडवा येणार नाही. शनिवार तेवढे राहू देत."

उत्तर नाही.

८ एप्रिल, शुक्रवार

भर दुपारी टिटवीची आई माझ्या कामाच्या ठिकाणी आली. चार वर्षांच्या संसारात एकदाही फिरकली नव्हती! स्टुलावरचे प्लास्टरचे जबडे बाजूला ठेवले आणि बसली.

"जागा बघून आले. मी सकाळी सहाला पुलावर, परत यायला अंधार. हिला सांभाळायला एक बाई पाहिली. बरी आहे."

"मग झालं तर."

"काय झालं? येताना सगळ्या वाटेत एकच डोक्यात — अनोळखी बाई चालते आणि तू चालत नाहीस?"

मी हातातली कवळी घासतच राहिलो. घासून घासून पार गुळगुळीत!

"टिटवीला विचारलंस?"

"विचारलं. गळ्यात पडून रडली. 'आई, मी बाबोकडे राहिले तर तू रागावशील?' म्हणाली." तिने बाजूचा एक जबडा उचलला, परत ठेवला. "नाही रागावले. पण लागलं रे. लागणारच."

"तू आई आहेस. ते कुठे जातंय?"

"हो. आणि तू कोण आहेस, ते आता कागदावर लिहून घेऊ. उद्या शाळेत नाही तर दवाखान्यात कुणी तुला विचारायला नको. वकीलबाईंशी बोललेय मी."

तिला चहा सांगायचंही भान राहिलं नाही. दारापर्यंत गेली, वळली. "आणि तिला दिवसभर टीव्हीसमोर बसवलंस तर बघ!"

५ जून, रविवार

टिटवीची आई पुलाच्या गावाला गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत टिटवी हात हलवत होती. मग जी रडायला लागली! कडेवर घेतलं. पाठ भरून आली, तरी उतरवलं नाही.

११ जून, शनिवार

टिटवीची बॅग आज मी भरली. दुपारी बेल वाजली. दारात तिची आई, केसांत पुलावरची धूळ, आत यावं की नाही अशी उभी.

"उद्या किती वाजता आणून सोडू?" तिने मला विचारलं.

मी बाजूला झालो. "आधी आत तर ये."