नेव्हला सोबत

३ सप्टेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाली, हे डिप्रेशन आहे. आमच्या लेकीपेक्षा, शेरिलपेक्षा लहान पोर! म्हटलं, बाई, बायको गेल्यावर माणूस नाचेल का? तर म्हणे, दर गुरुवारी बोलिंग क्लबात म्हाताऱ्यांसाठी ध्यानाचा वर्ग असतो, गोळ्यांच्या जोडीला जाऊन बघा. मला काहीही झालेलं नाही. पडदे बंद असतात ते उन्हाने गालिचा विटतो म्हणून.
पण समोरच्या नेव्हचं काही खरं नाही. कुत्रा मेल्यापासून तोंडातून शब्द काढत नाही. त्याला घेऊन जावं. मित्र म्हणून तेवढं करायलाच हवं.

५ सप्टेंबर
नेव्हला म्हटलं, चल, एकट्याला कंटाळा येतो. एका शब्दात तयार! बिचारा. आतून किती खचला असेल.
वर्ग मॉरीन घेते, ती पूर्वी नर्स होती. डोळे मिटा, श्वास बघा. श्वास काय बघायचा? बायका पुढे चटयांवर, आम्ही दोघं मागे दारापाशी खुर्च्यांवर. नंतर चहा आणि जॅम लावलेले स्कोन. स्कोन बरे होते.

८ सप्टेंबर, रविवार
आज लॉन कापायचंच. गुडघ्यापर्यंत आलंय.
दुपार. झाडावरचा मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतोय. पिल्लं आहेत त्याची. उगाच कशाला त्रास द्या. उद्या.

१२ सप्टेंबर
वर्गात झोप लागली. मॉरीन म्हणाली, घोरत होतात. मी म्हटलं, तो नेव्ह. नेव्हने मान डोलावली. गडी मनाने चांगला आहे.

१५ सप्टेंबर
लॉन कापायच्या मशीनचा प्लग गेलाय बहुतेक. बघितलं नाही, पण अंदाज आहे.
आजपासून खुर्चीत झोपणं बंद. पलंगावर.

१६ सप्टेंबर
खुर्चीतच झोपलो. पलंगाने पाठ धरते. जॉइसच्या बाजूची चादर अजून तशीच आहे, ती कशाला चुरगळायची.

२६ सप्टेंबर
मॉरीन म्हणाली, आज एखाद्या आवडत्या माणसाला मनात आणा आणि त्याचं भलं चिंता. जॉइस आली. खिडकीतून मला ओरडत होती, अरे लेस, कडेचं राहिलं बघ! मी लॉन कापायचो तेव्हा दर वेळी ओरडायची. डोळ्यांतून पाणी आलं. वाटलच्या झाडांचा पिवळा फुलोरा आहे गावभर, त्याची ॲलर्जी. नेव्हने रुमाल दिला. त्याचेही डोळे लाल होते. त्यालाही ॲलर्जी असावी.

६ ऑक्टोबर
गवतात साप असेल. ब्राऊन स्नेक. आता कापणं म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळी हवा संपली की बघू.

१० ऑक्टोबर
नेव्हचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळा बांधलाय. वर्गाला गेलो नाही. ज्याला न्यायचं तोच नाही, मग मी जाऊन काय करू?

१३ ऑक्टोबर
शेरिलचा ब्रिस्बेनहून फोन. सहज बोलून गेली, बाबा, नेव्हकाकांना थँक्यू सांगा हं, मी विनवलं म्हणून तुम्हाला दर गुरुवारी नेतात.
मला नेतात!
तसाच रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, नेव्ह, लेका, मी तुला न्यायचो! एका डोळ्याने बघत म्हणाला, बरोबर आहे, तू मला न्यायचास आणि मी तुला, गाडी तेवढी माझी होती. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. तो म्हणाला, मलाही नाही, चहा घेतोस? घेतला नाही. दार आपटून आलो.

१७ ऑक्टोबर
नेव्हचा डोळा चिघळला म्हणून अजून बांधलेलाच. तरी चालत गेलो. स्कोनसाठी.
मॉरीनने दारातच विचारलं, आज कुणाला आणलंत? मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. म्हटलं, मीच आलोय. वाटलं, आता टाळ्या-बिळ्या वाजवेल. म्हणाली, बरं, बसा.
बसलो. डोळे मिटले. घोरलो नाही. जॉइस आज आली नाही. फार वाट बघितली तिची. तिच्याशिवाय मला करमत नाही.
घरी आलो तर लॉन कापलेलं! मशीन नेव्हचं, फाटकाशीच सोडून गेलेला. डॉक्टरने वाकू नको म्हणून बजावलंय, आणि हा शहाणा एका डोळ्याने लॉन कापतोय. मधेमधे पट्टे राहिलेत. कडेचं तर सगळंच राहिलंय.
ओरडायला निघालो होतो. फाटकाशीच खाली बसलो आणि रडलो. बराच वेळ. वाटलचा बहर तर केव्हाच संपलाय.
नेव्ह समोरून आला, शेजारी बसला. चहा घेतोस का, म्हणाला. घेतो म्हटलं.