एक मिनिट बावन्न सेकंद

दि. १४ ऑक्टोबर, मंगळवार

ती. ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी शिवणाच्या मशीनच्या खणात टाकलं असशील. मग दोन-चार दिवसांनी, हातातलं काम संपल्यावर, कात्रीनंच फोडलं असशील. चालेल. सहा वर्षांनी आलेल्या पत्राला चार दिवस थांबायला लावणं हा तुझा हक्कच आहे.

इकडे सगळं ठीक. माझं वजन वाढलंय, केस गेलेत आणि जिना चढताना गुडघा माझ्याआधी बोलतो. हिला शाळेत मुख्याध्यापिका केलंय, त्यामुळे घरात आता मीच तेवढा बिनशिस्तीचा उरलोय. मुलीला चष्मा लागला. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायचा धीर अजून होत नाही. ते पुढे लिहितो. फोन न करता पत्र का लिहितोय, तेही पुढेच.

एक मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोड बोलून काहीतरी गळ्यात मारतोय असं तुला वाटायला नको. पत्राच्या शेवटी मी तुझ्याकडे तुझ्या घरी यायची परवानगी मागणार आहे. शनिवारपासून मी हादरलेला आहे, ताई. चहा ओतताना कपाऐवजी बशीत पडतो. समोरचा माणूस बोलतो, त्याचे ओठ दिसतात आणि शब्द मागाहून येतात. मला असं कधी होत नाही. माझं सगळं पोट या कानांवर चालतं.

गेमच्या चाहत्यांचा तीन दिवसांचा मोठा मेळावा होता. माझा धंदा तुला कधी धड कळला नाही, तरी सांगतो. गेममध्ये माणूस चिखलातून चालला की पचपच ऐकू यायला हवं. खऱ्या चिखलाचा आवाज चिखलासारखा येतच नाही, म्हणून मी ओल्या टॉवेलवर पिकलेली केळी तुडवतो. हाडं मोडायची असतील तर गाजरं. वर्षभर आम्ही अशा बंद खोल्यांत बसून केळी तुडवत असतो आणि ती ऐकणारा माणूस कसा दिसतो ते आम्हाला कधीच कळत नाही. मेळाव्यात तो दिसतो! विमानं ठेवावीत एवढ्या हॉलमध्ये साठ हजार माणसं. पुठ्ठ्याची चिलखतं घातलेली, निळे चेहरे रंगवलेली, शेपट्या लावलेली, आणि ती शेपटी सांभाळत स्वच्छतागृहाच्या रांगेत निमूट उभी असलेली.

आमच्याकडे एकजण गेमसाठी फक्त दगडांची चित्रं काढतो. डोंगर नाही, झाडं नाही, दगडच. दहा वर्षांत बिचाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. परवा एका पोरीनं त्याच्यापुढे दंड धरला. दंडावर त्याचा दगड गोंदवलेला! "तिसऱ्या नदीच्या काठावरचा," ती म्हणाली, "मी हरले की याच्यावर जाऊन बसायचे." दगडवाला पाच मिनिटं नाक पुसत होता. मला एकानं हेडफोनवर सही मागितली. दुसऱ्या एका आजीबाईंनी माझ्या पावलांच्या आवाजावरून सांगितलं, की गेममधला शिपाई डाव्या पायानं किंचित लंगडतो. ते मी मुद्दाम केलं होतं आणि दिग्दर्शकालासुद्धा सांगितलं नव्हतं. बाईंना दिसायचं बंद झालंय, कानांवर खेळतात. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. एरवी वर्षभर एकमेकांचे फोन न उचलणारे आम्ही धंद्यातले लोक तिथे जिन्यावर बसून एका पुड्यातली बिस्किटं खातो आणि आपापल्या फजित्या सांगतो. यासाठी जातो आम्ही. आपण अंधारात टाकलेली गोष्ट कुणाच्या तरी हातात पडली, हे डोळ्यांनी बघायला.

बघ, कसा रमलो. खरं लिहायचं टाळतोय, दुसरं काय.

तर लिहितो. आमच्या सगळ्यात गाजलेल्या गेममध्ये बर्फाचं वादळ आहे. खेळणारा धडपडत एका झोपडीत शिरतो आणि चुलीजवळची म्हातारी पाठमोरीच ओरडते, "दार लाव आधी!" बस्स, एवढंच वाक्य. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. सदऱ्यांवर छापलं, कपांवर छापलं. मेळाव्यात हॉलचं दार उघडं राहिलं की शेकडो लोक एका सुरात ओरडतात.

तो आवाज तुझा आहे.

तुला विचारलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तू माझ्या फोनवर निरोप ठेवला होतास. तुझं नाव बघून मी फोन उचलला नव्हता. त्याआधी चार महिने आपलं बोलणं बंद होतं. का, ते तुला माहीत आहे, पण मी माझ्या हातानं कधी लिहिलेलं नाही. माझ्या स्टुडिओच्या उद्घाटनाला तू स्वतः शिवलेला सदरा घेऊन आलीस. बाहेरच्या कंपनीचे साहेब शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, या कोण? मी म्हणालो, "ओळखीच्या आहेत, शिवणकाम करतात." आई-बाबांमागे जिनं मला रात्रंदिवस मशीन चालवून वाढवलं, माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या यंत्रासाठी स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं आणि मग केलंच नाही, ती 'ओळखीची'. तू ते ऐकलंस. सदरा खुर्चीवर ठेवलास आणि पाणीसुद्धा न पिता गेलीस. मी मात्र आजवर सगळ्यांना सांगत आलो, की ताईला माझी प्रगती बघवली नाही.

तर तो निरोप. मी दोन सेकंद ऐकला. तू कुणालातरी "दार लाव आधी!" म्हणत होतीस. मला वाटलं, झालं, ओरडा सुरू. बंद केला. पुढे महिन्याभरात झोपडीतल्या म्हातारीसाठी तात्पुरता आवाज हवा होता. नटी येईपर्यंत जागा अडवायला आम्ही हाताला लागेल ते टाकतो. मी तुझी दोन सेकंदं टाकली. नंतर चांगली नावाजलेली नटी आली, तिनं अकरा वेळा वाक्य म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, "ती खरखर नाही येत." मीही म्हणालो, नाही येत. तुझ्या आवाजातली खरखर मला फार आवडली होती, ताई. मी ती यंत्रावर थोडी वाढवलीसुद्धा.

तुझा आवाज कधी खरखरीत नव्हता. मला, कानांवर जगणाऱ्याला, त्या वेळी हे कळायला नको होतं?

आता शनिवार. व्यासपीठावर आम्ही चौघं, समोर दोन हजार माणसं. प्रश्न विचारायची वेळ झाली. पहिल्याच रांगेत एक आडदांड माणूस उठला. झुपकेदार मिशा, अंगावर म्हातारीची शाल, डोक्याला म्हातारीचा रुमाल.

"आवाजवाले काका, तुम्हालाच विचारतोय. मी बस चालवतो, सोळा वर्षं झाली."

"बस वेळेवर येते का?" मी म्हणालो. हॉल हसला.

"येते की! तुमचा पुढचा गेम येत नाही." आणखी मोठा हशा. मग तो गंभीर झाला. "आम्ही काहीजणांनी गेमच्या फाइली उघडून बघितल्या. म्हातारीचा निरोप अख्खा ऐकलाय, एक मिनिट बावन्न सेकंद. आम्ही अजून भांडतो त्याच्यावरून. आता एकदाचं सांगून टाका. भाऊ गेला का तिला भेटायला?"

मला काही समजेना. वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या गेमचं बोलतोय. आणि मग लक्षात आलं. मी तुझी फाइल कापलीच नव्हती. दोन सेकंदांनंतर आवाज थांबव, एवढी खूण तिथे केली होती. तात्पुरत्या कामाला तसंच करतात. काम कायमचं झालं तेव्हा कापायला हवी होती, ती राहून गेली. तुझा सगळा निरोप गेमच्या पोटात लाखो घरांत जाऊन पडला. या लोकांनी तो ऐकला होता. मी नाही.

"ते आत्ताच सांगितलं तर पुढचा गेम कोण खेळणार?" मी म्हणालो. टाळ्या पडल्या. माझा हजरजबाबीपणा मला कधी एवढा किळसवाणा वाटला नव्हता.

सामान चढवायच्या लिफ्टजवळ मी त्या ड्रायव्हरला गाठलं. म्हणालो, "तो निरोप आहे का तुझ्याकडे? मला ऐकव."

"तुम्हीच बनवलाय, आणि मी ऐकवू?"

"ऐकव रे बाबा."

त्यानं फोन काढला, मला हेडफोन दिले. तू काय बोललीस ते तुला आठवत असेल. तरी लिहितो, कारण मी ऐकलं याचा पुरावा आता एवढाच देऊ शकतो.

"दार लाव आधी! ...हां. ढब्या, मी ताई बोलतेय. रागावले नाहीये. म्हणजे, रागावले आहे, पण ते राहू दे. उद्या माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्रच काढावं लागेल. मग बोलणं बंद. तू म्हणशील, सुटलो." इथे तू हसलीस आणि खोकलीस. "शेवटचं कुणाशी बोलावं म्हणून विचार केला, तर दुसरं नावच येईना. संध्याकाळी सातपर्यंत फोन जवळ ठेवू देणार आहेत. काही खास बोलायला हवं असं नाही. भांडलास तरी चालेल. आवाज आहे तोवर एकदा भांडून घेऊ."

त्यानंतर चाळीस सेकंद तू काहीच बोलत नाहीस. दवाखान्यातली एक गाडी चाकं करकरत जाते, लांबवर भांडं पडतं. तू फोन ठेवत नाहीस. मी मधेच उचलीन असं वाटत होतं का तुला?

मी जिन्यावर बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, नटी कोण हो? काय काम केलंय बाईनं!"

"नटी नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि माझ्या शेजारी बसून राहिला, मोठा शहाणा माणूस.

संध्याकाळी सहा वाजता मी तुझा जुना नंबर लावला. तू उचललास. मी "ताई" म्हणालो. मागे मशीन चालता चालता थांबलं. श्वास ऐकू येत होता, पण तो तोंडातून किंवा नाकातून येत नव्हता, कुठूनतरी खालून येत होता. तुझ्या उत्तराची वाट बघितली, आणि कशाची वाट बघतोय हे कळल्यावर मीच फोन बंद केला. पुन्हा मीच. त्याबद्दल माफ कर.

सहा वर्षं मी समजत होतो, ताई अढी धरून बसलीय, म्हणून फोन करत नाही.

रविवारी समारोपाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "काल एकानं विचारलं, भाऊ गेला का. मी चेष्टा केली. खरं उत्तर असं, की भाऊ गेला नाही. त्यानं तो निरोप ऐकलाच नाही. ती माझी बहीण आहे. सख्खी, मोठी. मी आज जो काही आहे तो स्वतःच्या बळावर नाही, तिच्या मशीनवर आहे."

शांततेचे बरेच प्रकार माझ्याकडे रेकॉर्ड करून ठेवलेले आहेत. ही त्यांत नव्हती. कुणी टाळी वाजवली नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ड्रायव्हर ओरडला, "मग इथं काय करताय काका? जा की!"

मी तसाच स्टेशनवर गेलो. रांगेत उभा राहिलो आणि खिडकीशी पोचल्यावर मागे फिरलो. न विचारता तुझ्यापुढे येऊन उभं राहणं म्हणजे पुन्हा माझंच खरं करणं झालं असतं. नको असताना आलेल्या माणसाला तुला आता 'चालता हो' असं ओरडूनही सांगता येणार नाही. म्हणून पत्र.

आता मागणं. येऊ का? मी बडबड करणार नाही. तू पाटीवर, वहीवर, कापडावर खडूनं, ज्यावर लिहीत असशील ते वाचत बसेन. तू काहीच लिहिलं नाहीस तरी बसेन. गेममधला आवाज ठेवायचा की काढायचा, हेही तूच ठरव. काढ म्हणालीस तर कंपनीशी मी भांडेन. तो तुझा आहे, मी न विचारता उचलला.

आणखी एक. तुझा स्वतःचा आवाज तुझ्याकडे कुठे आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडे आहे, पूर्ण, एकही सेकंद न कापलेला. खरखर मी वाढवली होती, ती काढून टाकलीय. तू बोललीस तसाच आहे. हवा असेल तर घेऊन येतो. ऐकवत नसेल तर जवळ नुसता ठेव.

उत्तराला एक शब्द पुरे. 'नको' लिहिलंस तर येणार नाही, पण दर महिन्याला पत्र पाठवीन. ती न फोडता ठेवलीस तरी माझी तक्रार नाही, तेवढी माझी लायकी आहे.

जपून राहा, ताई.

तुझा, संध्याकाळी सातच्या आत जो पोचला नाही तो,
ढब्या